जाम बोल्ट सोडवताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडची गाडी पावसाळ्यानंतर लगेच ओळखू येते. वरून चकाचक, खाली सगळे नट तांबड्या चिखलाने लिंपलेले. चोर्ला घाट उतरून वरचेवर गोव्याला जाणारी असेल, तर खारी हवाही खाऊन आलेली. दिवाळीच्या सुट्टीत अशा गाडीला पाना लावला की पहिलाच बोल्ट हलत नाही.

महाग पडणारी चूक म्हणजे हाताला लागेल तो पाना. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. जरा ढिला असला की कोपरे झिजून नट गोल. जाम नटाला सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावा. बारा कोनांची गोटी कोपऱ्यांवर जोर देते, रोजच्या कामाला ठीक, गंजलेल्याला नको. डोकं झिजलंय म्हणून १३ मिमीच्या बोल्टवर १२ ची गोटी ठोकून बसवतात, पण तो शेवटचा उपाय. त्याआधी तारेच्या ब्रशने माती काढा, नाहीतर तेल मातीच पिते.

मग घाई. तेल फवारलं, दोन मिनिटं थांबलं, टॉमीवर (गोटी फिरवायच्या दांड्यावर) पाइप चढवला! पातळ तेलाला आट्यांत उतरायला वेळ लागतो. रात्री मारा, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार ठोके द्या, सकाळी परत तेल मारून मगच हात लावा. ग्रीस इथे कामाचं नाही, ते आत शिरतच नाही. सोडवण्याआधी बोल्ट किंचित आवळून बघा, गंजाची पकड बऱ्याचदा तिथेच तुटते. मग पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. करकर आवाज आला तर चांगलं लक्षण. आवाज न होता पाना रबरासारखा पिळत गेला तर थांबा, बोल्ट तुटायच्या बेतात आहे.

हे मी ब्रेकची हवा काढायच्या निपलवर शिकलो. तो आतून पोकळ असतो हे माहीत असूनही जोर लावला आणि मागच्या चाकाच्या सिलिंडरमध्ये अर्धा निपल राहिला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी बघितलं, कानडीत ‘निधान, निधान’ (हळू, हळू) म्हणाले आणि नवीन सिलिंडर आणायला पाठवलं. उशिराचा सल्ला, पण खरा.

आच द्यायची तर नटाला द्या, बोल्टला नाही; नट फुगला की पकड सुटते. मात्र तेल मारलेल्या जागी, पेट्रोलच्या पाइपाजवळ, ब्रेकच्या होजपाशी किंवा रबर बुशजवळ ज्योत नकोच. सस्पेन्शनचा बोल्ट लाल होईपर्यंत तापला असेल तर तो परत बसवू नका, त्याची ताकद गेलेली असते.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा ढिले करा, मग जॅक लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरून पाना ओढू नका, गाडी सरकते. स्पार्क प्लग इंजिन थंड झाल्यावरच. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे प्लगसोबत निघून येतात.

परत बसवताना पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्या. गाडीखालच्या बोल्टच्या आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात चालतो. चाकाच्या नटांना मात्र लावू नका: नेहमीच्याच जोराला ते जास्त आवळले जातात आणि स्टड (ज्यावर नट बसतो तो दांडा) ताणतो.