आईचा आवाज तुटायचा, तो असा सुधारला

आई संगमेश्वरजवळच्या गावात, मी पुण्यात. रोज रात्री नेटवरून कॉल करायचो. साधा फोन लावला की तिचा मोबाइल टूजीवर जायचा आणि कट व्हायचा, म्हणून हा मार्ग धरलेला. पण मी बोलून थांबलो की पलीकडे शांतता. पुन्हा बोलायला लागलो की नेमका तेव्हाच तिचा आवाज यायचा. "जेव..." एवढंच ऐकू यायचं, उरलेलं वाक्य गायब. फार जीव तुटायचा.

कारण असं, की आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागले की संवाद अडखळू लागतो. ॲपवरच्या कॉलची पाकिटं, म्हणजे आवाजाचे डेटातले छोटे तुकडे, व्हिडिओंच्या गर्दीतच धावतात. उशिरा आलेलं पाकीट टाकून दिलं जातं, त्यासोबत शब्दाचा तुकडाही.

दिवाळीला गेलो तेव्हा तिच्या फोनच्या सेटिंग्ज उघडल्या. सिमच्या पर्यायांत व्हीओएलटीई, म्हणजे साधा फोन फोरजीवरून लावायची सोय, बंद! चालू केलं. हा कॉलही फोरजीवरूनच जातो, पण नेटवर्क त्यातल्या आवाजाला आधी वाट देतं. आता साधाच फोन लावतो, तिचा उसासासुद्धा ऐकू येतो.

आणखी एक, अशा कॉलच्या ॲपवरून ११२ हा आपत्कालीन मदतीचा नंबर लागत नाही. म्हणून तिला साध्या डायलरवरून तो नंबर लावायला शिकवून आलो.