धनराजसारखं पळायचंय? आधी उजवा हात सैल सोडा

दर जूनला हॉकीच्या मैदानावर एखादं पोरगं येतं. "सर, मला धनराज पिल्लेसारखं चेंडू घेऊन पळायचंय." मी त्याचा उजवा हात बघतो. स्टिक अशी आवळलेली असते, जणू लाकडं फोडायची आहेत.

डावा हात वर, स्टिकच्या मुठीच्या टोकाशी. उजवा त्याच्या वीतभर खाली. स्टिक फिरवायची डाव्यानंच, कुलपात किल्ली फिरवतो तशी. उजवा म्हणजे नुसती नळी. सांगून पटत नाही, म्हणून मी प्लंबरकडून दीड इंची पाइपचे चार-चार बोटं लांबीचे तुकडे आणतो. तुकडा मुठीकडून स्टिकवर सरकवायचा आणि उजव्या हातानं पाइप धरायचा. आता उजव्यानं कितीही जोर लावा, स्टिक फिरत नाही. झक मारत डाव्याला कामाला लागावं लागतं.

चेंडू स्टिकच्या सपाट बाजूनंच खेळायचा असतो. त्यामुळे उजवीकडून डावीकडे सरळ स्टिकनं, परत आणताना खालचं वाकडं टोक जमिनीकडे करून उलट्या स्टिकनं. आधी जागेवर उभं राहून वीस वेळा, मग चालत. कान उघडे ठेवा: टाक-टाक असा मोठा आवाज आला म्हणजे तुम्ही चेंडू ढोसताय. धावायला लागलात की चेंडू उजव्या पावलाच्या पुढे, थोडा बाहेर. पायात घेतलात तर नजर खाली जाते आणि समोरचा बचावपटू दिसतच नाही.

"सर, मैदान खडबडीत आहे" हे रडगाणं माझ्याकडे चालत नाही. धनराज पिल्ले खडकीचा, आपल्या पुण्याचा. वडील मैदानाची निगा राखायचे. पोरं मोडक्या स्टिका सुतळीनं बांधून, टाकून दिलेल्या चेंडूंवर खेळायची. तिथून तो 1989 मध्ये भारताच्या संघात आला आणि 2004 पर्यंत खेळला: चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. 1998 ला बँकॉकमध्ये त्याच्याच कप्तानीत 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण आलं. ऑलिम्पिक पदक मात्र एकही नाही. मला ते अजून खुपतं.

सुतळीचा उपाय मीही करतो, पण फक्त मुठीकडच्या चिरेला. वाकड्या भागात चीर गेली असेल तर ती स्टिक मोडीत काढा, ढलपी हातात घुसते.

पाइप आठवड्यानं काढा. चार दिवसांत उजवा हात पुन्हा आवळायला लागला, तर परत चढवा.