पहिल्या तालमीआधी: देशोदेशींच्या तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा करताना

आमच्या ऑर्केस्ट्राची पहिली तालीम दहाला सुरू झाली आणि दहा वाजून सात मिनिटांनी थांबली. कंडक्टर म्हणाले, "अक्षर ई पासून घेऊ." (तालमीत जागा सापडावी म्हणून कागदावर अशी अक्षरं किंवा आकडे छापलेले असतात.) व्हायोलिनवाले एका जागी सुरू झाले, बासूनवाले भलत्याच, आणि चेलोच्या मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "आमच्याकडे अक्षरंच नाहीत, आकडे आहेत, काय करू?" पाऊण तास फक्त एवढंच चाललं, कुणाच्या कागदावर काय छापलंय ते बघणं. आमच्या हातात एकूण चार दिवस होते.

चूक माझीच. मी व्हायोला वाजवते, पण त्या प्रकल्पात पार्टची, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या स्वरलिपीच्या कागदांची, जबाबदारीही माझ्या गळ्यात होती, आणि मी सगळ्यांना कळवलं होतं, "ज्याने त्याने आपापला पार्ट घेऊन यावा." इंटरनेटवर जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात, त्यामुळे प्रत्येकाने हाताला लागली ती छापून आणली. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे: ज्यांची वर्षभर भेट नसते त्यांचा ऑर्केस्ट्रा आधी कागदावर जमवावा लागतो. जे पत्राने मिटू शकतं ते तालमीत मिटवायचं नाही.

सुरुवात रचना निवडण्यापासून करा, आणि निवडताना पार्टिटुरा, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, उघडून माणसं मोजा. आम्ही द्वोर्झाकची नववी सिंफनी घेतली. सुंदर आहे, सगळ्यांना येते. पण तिच्यात ट्यूबाला अवघे 14 स्वर आहेत, तेही एकाच मुव्हमेंटमध्ये, म्हणजे सिंफनीच्या एकाच भागात. आमचा ट्यूबावाला दोन विमानं बदलून आला, चार दिवस तालमीत जाडजूड कादंबरी वाचत बसला आणि 14 स्वर वाजवून गेला. तक्रार केली नाही, पण पुढच्या वर्षी आला नाही. ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीतही ट्रॉम्बोनवाले पहिल्या तीन मुव्हमेंट हाताची घडी घालून बसतात. त्याउलट बेथोव्हनची सातवी घ्या: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न, ट्रंपेट प्रत्येकी दोन, एक टिंपनी आणि तारवाद्यं. तारवाद्यं 12-10-8-6-4 (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बास) अशी बसवली तर 40, बाकीचे 13, एकूण 53 माणसं, आणि एकही जण रिकामा नाही. माहलर पहिल्या वर्षी नको. पाचव्या सिंफनीला सहा हॉर्न आणि चार ट्रंपेट लागतात, आणि त्यातला एक आजारी पडला की शोधाशोध कुठे करणार?

माणसं कुठून आणायची? आधी जिथे एकत्र वाजवलंय तिथूनच. युवा ऑर्केस्ट्रांना वयाची अट असते, बहुधा पंचविशी-सव्विशीपर्यंतची, आणि ती संपली की ऐन बहरात आलेली माणसं एकदम बाहेर पडतात. चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप 1981 मध्ये असाच उभा राहिला: युरोपियन कम्युनिटी युथ ऑर्केस्ट्रात वाजवलेल्यांना पुढेही एकत्र वाजवायचं होतं. 1997 मध्ये गुस्ताव माहलर युगेंडऑर्केस्टरच्या माजी वादकांनी कंडक्टर क्लाउडिओ अब्बादोंबरोबर माहलर चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू केला, तोही तसाच. ओळखीच्या वीसजणांपासून सुरुवात करा, उरलेल्यांसाठी रेकॉर्डिंग मागवा. रेकॉर्डिंगमध्ये कॉन्चेर्तोपेक्षा (एकल वाद्यासाठीच्या रचनेपेक्षा) ऑर्केस्ट्रातले उतारे मला जास्त सांगतात. व्हायोलाला मी मेंडेल्सोनच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला स्केर्झो मागते. तो हळू आवाजात आणि हलका वाजवावा लागतो, एक पाय घसरला की लगेच ऐकू येतं. जोरात वाजवणारे पुष्कळ असतात.

आता पार्ट. यावर मी वेळ घालवणार, कारण इथेच प्रकल्प वाचतो किंवा बुडतो.

एकच आवृत्ती ठरवा आणि पार्ट तुम्हीच पाठवा. बारचे, म्हणजे स्वरलिपीतल्या उभ्या रेघांमधल्या प्रत्येक घराचे, क्रमांक छापलेले नसतील तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हाताने घाला. पुनरावृत्तीचा पहिला आणि दुसरा शेवट मोजताना आवृत्त्यांमध्ये फरक पडतो, म्हणून क्रमांक घातल्यावर कंडक्टरच्या पार्टिटुराशी ताडून बघा. मग एक कोरा संच पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाकडे जातो. तो गजाच्या वर-खाली खुणा करतो. त्याचा पार्ट बघून दुसरी व्हायोलिन, मग व्हायोला, मग चेलो, मग बास. ही साखळी उलटी फिरवू नका आणि एकाच वेळी सगळ्यांना पाठवू नका, नाहीतर तेच वाक्य व्हायोलिन वर ओढतील आणि चेलो खाली. या फेरीला सहा आठवडे धरा. प्रमुख लोक परीक्षांमध्ये अडकलेले असतात, दोनदा आठवण करावी लागते, तिसऱ्यांदा फोन.

खुणा पेन्सिलने, मऊ शिशाच्या. प्रत्येक स्टँडवर पेन्सिल ठेवा, "आपापली आणा" म्हणू नका, आणत नाहीत. पान उलटण्याच्या जागाही तपासा. एका स्टँडवर दोघं बसतात, आतला पान उलटतो, म्हणजे त्या क्षणी निम्मा आवाज जातो. हळू आवाजाच्या जागी पान उलटायची वेळ आली तर पुढच्या पानाच्या दोन ओळी कापून खाली चिकटवा.

रचना अजून स्वामित्व हक्काखाली असेल तर पार्ट प्रकाशकाकडून भाड्यानेच घ्यावे लागतात. युरोपात हा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं चालतो. रावेल 1937 मध्ये गेले, ते तिथे मोकळे. शोस्ताकोविच 1975 मध्ये गेले, त्यांना भाडं लागतं. भाड्याचा संच उशिरा येतो आणि गजाच्या फेरीला वेळ उरत नाही, म्हणून तो आधी मागवा.

पार्टबरोबर एक पानभर पत्र जातं. त्यात सर्वात वर सूर. आंतरराष्ट्रीय मानक 440 हर्ट्झ आहे, पण बऱ्याच ठिकाणी 442 वर वाजवतात, काही ठिकाणी 443. तारवाले खुंट्या पिळून मोकळे होतात. ओबो आणि क्लॅरिनेटवाल्यांना मात्र नळी आणि रीड त्या हिशेबाने आणावी लागते, आणि ग्लॉकेनश्पीलला (धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याला) तर काहीच करता येत नाही. म्हणून ज्या हॉलमध्ये वाजवायचं तिथलं ग्लॉकेनश्पील किंवा पियानो कशावर लावलेला आहे ते विचारा आणि तोच आकडा सगळ्यांना कळवा.

मग स्वरांची नावं. ही गंमत पहिल्यांदा कळते तेव्हा हसू येतं, तिसऱ्यांदा येत नाही. इंग्रजीत ज्याला 'बी' म्हणतात त्याला जर्मन वादक 'हा' म्हणतात, आणि जर्मन 'बे' म्हणजे इंग्रजीतला कोमल बी. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश माणसं त्याच स्वराला 'सी' म्हणतात, आणि इंग्रजी वादकाला 'सी' ऐकलं की भलताच स्वर आठवतो. आमच्याकडे हॉर्नच्या रांगेत यावरून दहा मिनिटं वाद झाला आणि शेवटी कळलं की चौघंही तोच स्वर वाजवत होते. आता आमचा नियम आहे: नाव घेऊ नका, गाऊन दाखवा.

कंडक्टरची काठी खाली आल्यावर आवाज नेमका कधी काढायचा, यावरही सगळ्यांच्या सवयी वेगळ्या असतात. काहीजण काठीबरोबर वाजवतात, काहीजण काठी खाली जाऊन परत वर येईपर्यंत थांबतात, आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत याची खात्री असते. हे पत्राने मिटत नाही. पहिल्या दिवशी कंडक्टर येण्याआधी फक्त तारवाद्यांची तालीम ठेवा आणि पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाच्या श्वासाबरोबर सुरुवात करायचा सराव करा. अर्धा तास पुरतो. डोळे मिटून केलं तर आणखी लवकर.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. चेलोला विमानात स्वतंत्र खुर्ची लागते, ती चेलोवाल्याच्या शेजारीच आहे का ते बघा. जुन्या गजाच्या टोकावरची पांढरी पट्टी हस्तिदंताची असू शकते. सीमा ओलांडताना त्याला साइटीसचं (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) प्रमाणपत्र लागतं, आणि ते आठवड्यात मिळत नाही. शंका असेल तर तो गज घरी ठेवून दुसरा आणायला सांगा.

तालमीचं वेळापत्रक मोठ्या रचनेपासून लहानाकडे लावा. ट्रॉम्बोनवाल्यांचं काम झालं की त्यांना जाऊ द्या. तीन तास उगाच बसवून ठेवलेला माणूस संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याचा हिशेब मांडतो.

आणि निर्णय कोण घेणार हे आधीच लिहून ठेवा. आमच्यासारखा ऑर्केस्ट्रा स्वतंत्र असतो, म्हणजे वर कुणी नाही, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर मत मागायचा मोह होतो. आम्ही पहिल्या वर्षी एन्कोअर (कार्यक्रम संपल्यावरची जादा रचना) कोणता वाजवायचा यावर मतदान घेतलं. 61 जण, 19 सूचना, रात्रीचा दीड. आता रचना आणि कंडक्टर पाचजणांची समिती ठरवते, खुर्च्यांचा क्रम विभागप्रमुख ठरवतात आणि तो दर कार्यक्रमाला बदलतो. मतदान वर्षातून एकदाच होतं, समिती निवडायला.

शेवटच्या कार्यक्रमानंतर पार्ट स्टेजवरच गोळा करा, टाळ्या थांबल्या की लगेच, लोक वाद्यांच्या खोक्यांकडे पळायच्या आत. प्रत्येक पार्टवर स्टँडचा क्रमांक असतो, यादी हातात धरा आणि खूण करत जा. भाड्याचे असतील तर खुणा पुसून परत द्यायचे असतात, आणि 53 जणांच्या चार दिवसांच्या खुणा पुसायला तिघांना एक पूर्ण दुपार लागते. दुसऱ्या व्हायोलिनचा चौथ्या स्टँडचा पार्ट हमखास राहतो. का ते ठाऊक नाही, पण मी आता यादी तिथूनच सुरू करते.