नव्वद दिवसांचं सील

मेंटेनन्सला नवीन लागलेली पोरं हल्ली विचारतात, रिलायबिलिटी (यंत्र किती काळ न बिघडता चालेल याचा हिशोब) शिकायचीये तर सुरुवात कुठून करू. मी कशी माती खाल्ली तेवढं सांगतो, कोर्स वगैरे तुम्हाला सापडतीलच.

चेंबूरकडच्या एका प्लँटमध्ये ट्रेनी होतो. कूलिंग वॉटर पंपांची मेकॅनिकल सीलं (फिरत्या शाफ्टपाशी पाणी अडवणारी) सारखी लीक व्हायची, म्हणून दर ९० दिवसांनी सरसकट बदलायची असं ठरलेलं. मी नुकताच वायबुल शिकलेलो, स्वीडनच्या वालोडी वायबुलच्या १९५१च्या पेपरमुळे गाजलेलं ते डिस्ट्रिब्युशन, कुठल्या वयाला किती नग बिघडतात ते मांडणारं. त्यात मेन आकडे दोन. ईटा म्हणजे ज्या वयापर्यंत साधारण ६३ टक्के नग गेलेले असतात ते वय. आणि बीटा १ च्या वर असेल तर वस्तू वयाने झिजतेय, १ च्या आसपास असेल तर बिघाड कधीही येतो, वयाशी घेणंदेणं नाही, आणि १ च्या खाली असेल तर नवीन असतानाच जास्त जाते, मग चालू वस्तू काढून नवीन बसवणं म्हणजे विकतचं दुखणं.

लॉगबुकातून सील बदलल्याच्या तारखा काढून एक्सेलमध्ये टाकल्या. सुरुवातीचे काही पॉइंट वायबुल ग्राफच्या रेषेपासून लांब पडत होते, ते आउटलायर म्हणून उडवले (हो, उडवले), आणि बीटा आला ५ च्या वर! कुर्ल्यापर्यंत हार्बरच्या गर्दीत उभ्याउभ्या प्रेझेंटेशन पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी फिटर काकांनी शीट बघितली. म्हणाले, "साहेब, ही ९० दिवसांवाली तर धडधाकट होती, आपणच काढली. नवीन बसवलं की आठवडाभर धाकधूक, तेवढं निभावलं की वर्षभर बघायला नको."

झालं. मी सीलचा नाही, आमच्या शेड्यूलचा बीटा काढला होता. चांगलं असताना काढलेला नग फेल्युअर नसतो, सस्पेन्शन असतो, म्हणजे सेन्सर्ड डेटा, तो ९० दिवस तरी टिकला एवढंच त्यातून कळतं. तसं मांडलं, उडवलेले पॉइंट परत घेतले, तर बीटा १ च्या खाली. कारण फिटिंगमध्येच होतं, मोटर-पंप जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट बारीक मोजणारा डायल गेज न लावता नुसत्या पट्टीने, आणि सीलच्या फेसला ग्रीसचे हात.

झिजणाऱ्या वस्तूला शेड्यूल लागतंच. समजा बेल्टचा बीटा ३ आणि ईटा ४००० तास, तर १० टक्के बेल्ट साधारण १८९० तासांपर्यंत जातात, आता किती रिस्क परवडते ते बघून तारीख धरायची. एमटीबीएफवर (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) मात्र विसंबू नका, बीटा १ असेल तर तेवढे तास होईपर्यंत ३७ टक्केच नग शिल्लक असतात.

लॉगबुकात मी 'का काढलं' असा कॉलम वाढवून घेतला. शेड्यूल रद्द व्हायला अजून महिना होता, त्यामुळे काकांची पहिली एंट्री अशी: 'चांगलं होतं. साहेबांनी सांगितलं म्हणून काढलं.'