आधी बूट, मग बाइंडिंग: स्केट स्की घेताना या चुका टाळा

यवतेश्वरच्या घाटात पहाटे चाकांच्या स्कीवर चढणारं कुणी दिसलं की टपरीवरून हमखास प्रश्न येतो, "आवो, बर्फ कुठाय?" बर्फ गुलमर्गला. पण तिथं जाऊन पायाला फोड आणायचे नसतील, तर बुटांचा घोळ साताऱ्यातच निस्तरलेला बरा. (घाट चढा, पण उतरताना स्की काढून हातात घ्या. बहुतेक रोलर स्कीला ब्रेक नसतो.)

सगळ्यात महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे. जुन्या रोलर स्की स्वस्तात मिळाल्या म्हणून आधी त्या घेतल्या, बूट नंतर मागवले. विकणाऱ्याने "सगळ्याला बसतात" असं ठोकून दिलं होतं. पायाला चोख बसले, बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला अडकवणारा खटका) मात्र काही केल्या अडकेनात. शेवटी घरच्यांची बोलणी खात बूट ओट्यावर उलटा ठेवला, तेव्हा उमगलं. तळाला टोकाशी एक आणि थोडी मागे दुसरी, अशा दोन आडव्या सळया. म्हणजे सॉलोमन कंपनीची आता मागे पडलेली एसएनएस पायलट पद्धत. माझं बाइंडिंग होतं एनएनएन नावाच्या दुसऱ्या पद्धतीचं. त्याला टोकाशी एकच सळई लागते आणि तळावर दोन समांतर खाचा, कारण बाइंडिंगवरचे दोन उंचवटे त्या खाचांत बसतात. आज नवीन घेणार असाल तर एनएनएन, प्रोलिंक, टर्नामिक ही नावं वेगळी असली तरी बूट एकमेकांत चालतात. जुनं घेताना नावावर जाऊ नका, तळाचा फोटो मागवा.

दुसरा घोळ क्लासिक (स्की सरळ पुढे सरकवत जायची पद्धत) आणि स्केट (बाजूला रेटा देत जायची पद्धत) बुटांचा. क्लासिकचा बूट चवड्यात वाकतो, घोटा मोकळा ठेवतो. स्केटमध्ये आपण बाजूला रेटा देतो, त्यामुळे तळ कडक हवा आणि घोट्याभोवती प्लास्टिकचा ताठ पट्टा हवा. टाच आणि टोक धरून बूट पिळून पाहा. ओल्या फडक्यासारखा वळला तर तो स्केटचा नव्हे. दोन्ही प्रकार शिकायचे असतील तर कॉम्बी बूट चालतो.

मापात आपली सवय आड येते. पोरांना "वाढत्या पायाचे" बूट घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा! इथं ते चालत नाही. एकच पातळ लोकरी मोजा घाला, नाड्या आवळा, गुडघे वाकवा आणि चवड्यावर उभे राहा. टाच आत उचलली गेली की बूट मोठा. त्यावर दुसरा मोजा हा उपाय नाही, त्याने घाम आणि फोड दोन्ही वाढतात. बोटं बधिर होत असतील तर पुढच्या नाड्या सैल करा, वरचा पट्टा तसाच घट्ट राहू द्या.

पाय उचलला की स्कीचं शेपूट लोंबतं, जमिनीला घासतं? बाइंडिंगच्या पुढचं रबर तपासा. स्केटला कडक रबर लागतं, तेच स्कीला बुटाकडे परत ओढतं. क्लासिकचं मऊ रबर बसवलेलं असेल किंवा जुनं झिजलं असेल, तर तेवढंच बदला. अख्खं बाइंडिंग बदलायची गरज नाही.

आणि आपला पावसाळा. काही बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असतं. दमट हवेत ते न वापरताही आतून कुजतं. दोन पावसाळे माळ्यावर पडलेला माझा जोड चांभाराकडे नेला, तर त्याने अंगठ्याने तळ दाबला आणि पिवळा भुगा माझ्या तळहातावर ठेवला. "सायेब, चिकटवायचं कशाला? ह्याच्यात कायबी ऱ्हायलं न्हाय." तेव्हापासून बूट माळ्यावर नाहीत, कपाटात खालच्या खणात असतात, आणि गुलमर्गचं तिकीट काढण्याआधी तळावर अंगठा दाबून बघतो.