छाटकलम पालवते, पण जगत नाही: या चुका टाळा

नवे रोप करण्यासाठी छाटून कुंडीत रोवलेल्या जास्वंदाच्या काडीला, म्हणजेच छाटकलमाला, आठ-दहा दिवसांत दोन हिरवे कोंब फुटतात, आपण हौसेने ती कुंडी उन्हात हलवतो आणि आठवडाभरात ते कोंब माना टाकतात. ही पहिली पालवी काडीत साठलेल्या अन्नपाण्यावर फुटलेली असते. खाली मुळे धरली आहेत, असा तिचा अर्थ नव्हे. मुळे आली का, हे पाहण्यासाठी काडी उपटणे तर त्याहून वाईट, कारण नुकती फुटलेली मुळे जराशा हिसक्यानेही तुटतात. कुंडीच्या तळाच्या छिद्रात पांढरी मुळे दिसेपर्यंत थांबावे. कोलियस या रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाला आठवडा-दोन आठवडे पुरतात, बोगनवेल मात्र दीड-दोन महिने सहज घेते.

काडी बुडाशी काळी, मऊ पडली असेल, तर दोष बहुधा अतिपाण्याचा असतो. मुळे फुटण्याच्या जागेला ओलाव्याइतकीच हवाही लागते आणि बागेतली चिकट माती ती मिळू देत नाही. जाडसर वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घ्यावे. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब गळावा, धार लागू नये. शेणखताची घाई नको, कारण मुळेच नसलेल्या काडीला ते उपयोगी पडत नाही. कुजलेली काडी लगेच फेकण्याआधी आतून निरोगी, हिरवट-पांढरा भाग दिसेपर्यंत वर छाटून पाहावी. पुरेशी लांबी उरली, तर ती स्वच्छ मिश्रणात पुन्हा रोवता येते.

पाने कोमेजणे हा उलट प्रकार आहे: पानांतून पाणी उडते, पण ते भरून काढायला मुळे नसतात. म्हणून वरची दोन-तीन पानेच ठेवावीत, मोठी असल्यास अर्धी कापावीत आणि कळ्या निर्दयपणे खुडाव्यात. प्लॅस्टिकची पिशवी झाकल्यास दमटपणा टिकतो. मात्र झाकलेली कुंडी थेट उन्हात ठेवल्यास काडी अक्षरशः उकडून निघते.

काही काड्या रोवतानाच वाया गेलेल्या असतात. साधारण 10 ते 15 सेंटिमीटर लांबीची, तीन-चार डोळ्यांची (कोंब फुटण्याच्या जागांची) काडी घेऊन खालचा काप पेराच्या, म्हणजे पान फुटते त्या गाठीच्या, लगेच खाली, धारदार कात्रीने घ्यावा. काडी उलटी रोवली जाऊ नये म्हणून खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवण्याची सवय चांगली. मनी प्लांटचे पेर नसलेले नुसते पान पाण्यात कितीही दिवस टवटवीत राहिले, तरी त्याचा वेल होत नाही. चाफ्यासारख्या चिकाच्या झाडाची फांदी कापल्यावर लगेच रोवू नये. काप सावलीत आठवडाभर सुकू द्यावा.

पाण्यात फुटवलेली मुळे फार लांब वाढू देणे हीही एक चूकच आहे. ती ठिसूळ असतात, म्हणून तीन-चार सेंटिमीटरची होताच काडी मातीत लावावी आणि पहिले काही दिवस कुंडी सावलीत ठेवून माती कोरडी पडू देऊ नये.