शाळेच्या ग्रंथालयात नव्याने रुजू झालात? आधी नोंदवही, मग सॉफ्टवेअर

ऑक्टोबर उजाडला की नागपुरातल्या शाळांच्या ग्रंथालयांत गर्दी होते. १४ तारखेला धम्मचक्र प्रवर्तन दिन, लगेच १५ ला वाचन प्रेरणा दिन. कुणाला भाषण लिहायचं असतं, कुणाला भित्तिपत्रक करायचं असतं. अशाच एका दुपारी आठवीतला एक मुलगा आमच्या कॉम्प्युटरसमोर बसून 'आंबेडकर' हा शब्द पुन्हापुन्हा टाइप करत होता. "मॅडम, हे तं काहीच नाही दाखवून राहिलं."

त्याच्या पाठीमागच्या कपाटात बाबासाहेबांची आणि बाबासाहेबांवरची दोन खण भरून पुस्तकं होती. ती मीच लावली होती.

कारण सापडायला मला दोन दिवस लागले. नोंदी करताना 'आ' हे अक्षर कळफलकावरच्या 'आ' ने न लिहिता आधी 'अ' आणि मग त्याला काना असं लिहिलं गेलं होतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. कॉम्प्युटरला मात्र ती वेगळी अक्षरं. मुलाने बरोबर लिहिलं होतं, चूक आमच्या यादीत होती. एक्सेलमध्ये 'अ अधिक काना' शोधून त्या जागी 'आ' घातला आणि शेकडो नोंदी एका मिनिटात दुरुस्त झाल्या. 'ओ' आणि 'औ' चंही तसंच करा. तुमच्याकडे आधीची यादी असेल तर रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात हे तपासाच.

मी बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी करून अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा शाळेने एका विक्रेत्याकडून ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर नुकतंच घेतलं होतं. पुढे कॉम्प्युटर बिघडला, विक्रेत्याचा फोन लागेना. बॅकअपची फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. सगळ्या नोंदी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होत्या. युनिकोड म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी अक्षरांची सर्वमान्य पद्धत. फाँट बदलून देणाऱ्या साधनांनी काही ओळी वाचता आल्या, पण जोडाक्षरं तुटली ती तुटलीच. शेवटी हात धरला तो दाखल नोंदवहीनेच. निळ्या शाईतली, कडा झिजलेली ती वही: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक. तिच्यावरून आम्ही सगळं पुन्हा उभं केलं.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं असतं की मुख्याध्यापकांनी "ग्रंथालय संगणकीकृत करा" म्हटलं तरी आधी नोंदवही आणि कपाट जुळवून घ्या. नोंदवहीत आहे पण कपाटात नाही, कपाटात आहे पण नोंदवहीत नाही, अशा दोन याद्या करा. हरवलेल्या आणि फाटक्या पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून कमी करणं, रीतसर मंजुरीनेच करा. मग एक्सेल उघडा. एका ओळीत एक प्रत, एका स्तंभात एकच माहिती, आणि लिपी युनिकोडच. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठीसाठीचा कळफलक असतोच. तो शिकायला महिनाभर जातो, पण पुढचं सगळं आयुष्य सोपं होतं. तोवर मोबाइलच्या जीबोर्डवर मराठी बोलून शीर्षकं लिहून घ्या. माझा वेग त्याने बराच वाढला, फक्त विशेषनामं नंतर डोळ्यांखालून घालावी लागतात.

खरी मेहनत लेखकांच्या नावांवर आहे, तिथे घाई करू नका. आमच्या यादीत बाबासाहेबांचं नाव चार प्रकारांनी होतं: आंबेडकर भीमराव रामजी, डॉ. बी. आर. आंबेडकर, बाबासाहेब आंबेडकर आणि नुसतं डॉ. आंबेडकर. आपल्या नागपूरचे कवी ग्रेस घ्या. काही ठिकाणी 'ग्रेस', काही ठिकाणी 'गोडघाटे माणिक'. एक रूप ठरवायचं, ते एका वेगळ्या पानावर लिहून ठेवायचं आणि बाकीची रूपं 'पाहा' म्हणून त्याच्याकडे वळवायची. माझी ही यादी आता अकरा पानांची झाली आहे. माझ्या नंतर येणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त उपयोग तिचाच होईल असं मला वाटतं.

वर्गांकांचा, म्हणजे पुस्तकाच्या विषयाला दिलेल्या आकड्यांचा, बाऊ नको. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे मराठी साहित्याला ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३ एवढं लक्षात ठेवलं की शाळेतली निम्मी कपाटं लागतात. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी पाठीवर रंगीत पट्टी पुरते.

यादी स्वच्छ झाल्यावर सॉफ्टवेअरकडे वळा. सरकारी ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे. दुसरं कोहा. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ते तयार झालं आणि २००० पासून वापरात आहे. ते मुक्त आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण लिनक्स ही संगणकप्रणाली आणि मार्क ही नोंदपद्धत यांची तोंडओळख हवी. कुणी काहीही विकायला आलं तर एकच प्रश्न विचारा: "माझ्या सगळ्या नोंदी मला एक्सेलमध्ये, युनिकोडमध्ये, कधीही काढून घेता येतील का?" उत्तर गोलमोल आलं तर चहा पाजून निरोप द्या.

बारकोडबद्दल एक नागपुरी अनुभव. पहिल्या वर्षी लेबलं वेष्टणावर बाहेरून लावली. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या बंद खोलीत गोंद वाळला आणि शाळा उघडल्यावर लेबलं फरशीवर पडलेली. दुसऱ्या वर्षी कूलर पुस्तकांच्या दिशेने लावला, तर दमटपणाने कडा सुटल्या. आता लेबल शीर्षकपानाच्या मागे लावते, शेजारी पेन्सिलीने दाखल क्रमांक लिहिते आणि कूलरचं तोंड खिडकीकडे असतं. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा उन्हाळ्यातलं नुकसान उशिराच कळतं. सुट्टीत निदान एकदा ग्रंथालय उघडून पाहा.

साधनांपैकी मला रोज लागणारी थोडीच सांगते. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. मराठीच्या सरांना मी त्यातली दहा चित्रं दाखवली आणि त्यांचा चित्रवर्णनाचा तास माझ्याकडे होऊ लागला. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मुक्त परवान्याने मिळतात. छापून, शिवून मी त्यांची पुस्तकंच केली आहेत. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर नेतात, ते आधी स्वतः उघडून पाहा. मुलं एआयचं उत्तर घेऊन आली की त्यांना मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर नेऊन तीच नोंद शोधायला लावा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र मुलांना देऊ नका. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन आता सर्वांना खुलं आहे. आज लिहिणाऱ्यांचं नाही. ग्रंथपालानेच हे पाळलं नाही तर मुलं कुठे शिकणार?

स्वतःच्या शिक्षणासाठी 'दीक्षा' आणि 'स्वयं' या सरकारी संकेतस्थळांवरचे अभ्यासक्रम मोफत आहेत. 'स्वयं'चं प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरावं लागतं. इग्नू या मुक्त विद्यापीठाची ग्रंथालय स्वयंचलनाची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करता येते. पण प्रमाणपत्रांच्या मागे धावून मला विशेष काही आलं नाही. आलं ते शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर रोखून ठेवलेल्या एका तासात. त्या तासाला एकच गोष्ट, आणि ती आपल्याच पुस्तकांवर. कधीकधी विज्ञानाच्या मॅडमही येतात. त्या मला एक्सेलमधली सूत्रं शिकवतात, मी त्यांना विश्वकोशात शोधायला शिकवते.

यंदा जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून कोहा चालवते आहे, फक्त एका कपाटाच्या नोंदींवर. पहिल्यांदा शंभर नोंदी आत घेतल्या तर शीर्षकांच्या जागी लेखक आले. पुसलं, स्तंभ पुन्हा जुळवले. दुसऱ्यांदा प्रकाशनवर्षं गळाली. तिसऱ्या शनिवारी 'आंबेडकर' टाइप केलं आणि दोन्ही खणांची यादी पडद्यावर उतरली. पुढच्या शनिवारी दुसरं कपाट घेणार आहे.